पट्टी हलली, म्हणून पास

मी गेम खेळत नाही, गेम मोडते. हे आधीच सांगून टाकते, कारण सतरा वर्षं झाली, परभणीत जो भेटतो तो एकच वाक्य बोलतो, "मज्जा आहे बाई तुमची, गेम खेळायचे पैसे मिळतात." गॅसची टाकी आणून देणारा बोलतो, बँकेतल्या मॅडम बोलतात, माझी सख्खी मावशी बोलते. आचाऱ्याला कुणी म्हणत नाही, की काय नशीब तुझं, जेवायचे पैसे मिळतात.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नव्या नव्या गेमबद्दल काहीतरी हलकंफुलकं" मागितलं. हलकंफुलकं माझ्याकडं सध्या काही नाही. राग आहे, लय आहे, आणि त्यातला अर्धा माझा माझ्यावरच आहे. तो चालत असेल तर छापा.

आधी धंदा समजावून सांगते. कुणीतरी गेम बनवतो. लोकांच्या हातात जायच्या आधी तो माझ्याकडं येतो. जिथं जायचं नाही तिथं मी जाते, भिंतीत घुसते, बटणं उलट्या क्रमानं दाबते, बोलणाऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडून नदीत उडी मारते. गेम कुठं फाटतो ते शोधायचं आणि लिहून कळवायचं. आमच्यात त्याला बग म्हणतात. बगचे तीन वर्ग असतात. गेम बंदच पडला तर पहिला, अडला तर दुसरा, नुसतं वाईट दिसलं तर तिसरा. चौथा वर्ग नाही. तो असायला पाहिजे होता, पण ते पुढं येईल.

गेम जतन होत असताना लाइट गेली तर काय होतं, हेही तपासावं लागतं. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांत त्यासाठी म्हणे मुद्दाम वायर ओढावी लागते. मला कधी ओढावी लागली नाही, आमची लाइट स्वतःहून जाते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या गावाला कायमची चिकटलेली. मी ती धंद्याला लावली. जो गेम परभणीत टिकला तो कुठंही टिकतो, असं मी गिऱ्हाइकांना सांगते आणि त्यात खोटं काही नाही.

आवाज तपासायची रीत मात्र नीट सांगायला पाहिजे. पडद्याच्या कोपऱ्यात आम्ही एक हिरवी पट्टी लावून ठेवतो. आवाज वाजला की पट्टी हलते. तलवार उपसली, पट्टी हलली, पास. दार उघडलं, पट्टी हलली, पास. एकच दार चारशे वेळा उघडायचं तर त्याचा करकराट चारशे वेळा कोण ऐकणार? म्हणून स्पीकर बंद. त्यात आमचे अण्णा घरात. अण्णा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. त्यांचा रेडिओ दिवसभर चालू असतो आणि त्यावर दुसरा आवाज त्यांना खपत नाही. सतरा वर्षं मी मुक्यानंच गेम तपासले, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

आता गेमबद्दल. मोठ्या कंपन्यांचे नवे गेम मला पाहवत नाहीत. मध्ये एक शेतीचा गेम आला. पाच मिनिटं पेरणी केली की गेम म्हणतो, आता चार तास थांबा, नाहीतर हिरे वापरा. ज्वारीला हिरे! मी रिपोर्टात लिहिलं, 'पेरणी अडते, वर्ग दुसरा.' उत्तर आलं, 'हा बग नाही. असंच ठेवायचंय.' पिकावर कीड आली की फवारणीला हिरे, बैल दमला की बैलाला हिरे. प्रत्येकाला उत्तर एकच, असंच ठेवायचंय. माणसाला मुद्दाम बेजार करायचं आणि मग सुटकेचा भाव सांगायचा, ह्याला खेळ म्हणायची मला लाज वाटते. सभ्य भाषेत दुसरं काही म्हणता येत नाही.

एकट्यादुकट्यानं, दोघा-तिघांनी मिळून केलेले छोटे गेम असतात, त्यांच्यावर माझा जीव आहे. एका बँकेतल्या क्लार्कनं पोस्टमनचा गेम केला. सगळा मिळून अर्ध्या तासाचा. एकच पत्र, त्यावरचा पत्ता पावसानं पुसलेला, घरोघर विचारत जायचं. त्यात एका रिकाम्या घराचं दार वाजवलं की खिडकीत दिवा लागायचा. मी कळवलं. त्याचा फोन आला, "मॅडम, हे कसं झालं मलाच कळंना. पण राहू द्यावं का?" मी म्हटलं राहू द्या. दुसरा होता दोन बहिणींचा, विहीर खोदण्याचा. पाणी लागणार की नाही हे शेवटपर्यंत सांगायचं नाही, एवढाच गेम. नवव्यांदा खोदली तेव्हा पाणी लागलं आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. त्यात बग असा होता, की कोरड्या विहिरीतूनही बादली भरून यायची. आमच्या जिल्ह्यासाठी म्हणून तो कळवूच नये असं मनात आलं होतं. कळवला.

आणखी एक गोष्ट. गेम संपला की नावांची यादी वर सरकते. चित्र काढणारे, हिशेब बघणारे, चहा आणून देणारे, सगळे असतात. एका यादीत मी मांजराचं नाव पाहिलंय. कंत्राटावर तपासणाऱ्यांचं नाव नसतं. मी एका गेममध्ये साडेसहाशे बग काढले आणि यादीत मांजर आलं. मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगायची. वाटायचं.

म्हणून पुण्याहून अद्वैतचा फोन आला तेव्हा मी हुरळले, हे कबूल करते. एका खोलीत बसणारे ते तिघं जण, अद्वैत त्यातला बोलणारा. गेमचं नाव 'मेंढवाट'. एक धनगर आणि त्याचा कळप, वाळल्या मुलखातून हिरव्या मुलखाकडं चालत जायचं. त्यांनी पाठवलेला पहिला तुकडा मी उघडला आणि दोन तास एकही बग लिहिला नाही, नुसती चालत राहिले. मेंढरांच्या पायांतून उडणारी धूळ इतकी खरी होती. तो गेम मला आवडला होता. अजूनही आवडतो, हीच तर अडचण आहे.

अद्वैत म्हणाला, "ताई, तुमच्याकडं धनगर असतील ना? आम्हाला खरी हाक हवी आहे. मेंढ्यांना बोलवतात ती. आणि यादीत तुमचं नाव टाकणार आहोत, अगदी वर."

धनगर म्हटल्यावर मला सोपानमामा आठवले. अण्णा ताडकळसच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर होते तेव्हापासूनची ओळख. मामांचा कळप त्या तलावावर पाणी पितो. मी सकाळच्या एसटीनं गेले. मामा बांधावर काठी टेकून उभे होते, मेंढरं लांबवर पांगलेली. मी मोबाइल काढला आणि म्हटलं, "मामा, एकदा हाक मारा. ह्यात भरून घ्यायचीय."

"कशापायी?"

"नुसती. आवाज पाहिजे."

"नुसती हाक नसती, ताई," मामा म्हणाले. "हाक मारली की पाणी तरी द्यावं लागतंय, न्हाईतर पाला तरी. मेंढरं त्या हाकेवर इमान ठेवतेत. येकदा खोटी मारली की महिनाभर वळत न्हाईत. आता ते चरायलेत. त्यायला कशाला फसवायचं?"

"मग कधी मारता?"

"पाण्याच्या वक्ताला. चार वाजता. बसा तवर."

बसले. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत, बाभळीच्या सावलीत. मामींनी भाकरी आणि ठेचा दिला. मधूनमधून मला वाटायचं, काय हे, दहा सेकंदांच्या आवाजासाठी अख्खा दिवस. पण मामांना ती हाक उगाच काढायला लावायची हिंमत झाली नाही. चारला मामा बांधावर चढले आणि हाक दिली. खालून, घशातून निघाली, मध्येच तुटली आणि शेवटाला दोनदा वर उचलली. सगळ्या माळावरच्या माना एकदम वर झाल्या आणि कळप वळला. एकही मागं राहिली नाही. मी भरून घेतली.

"काय करणार तुमी हिचं?" मामांनी विचारलं.

"गेममधला धनगर तुमच्या हाकेनं मेंढरं बोलवील, मामा. माझा शब्द."

"मग चांगलं हाय," मामा म्हणाले.

मी आवाज पुण्याला पाठवला. महिने गेले. आवाज सगळ्यात शेवटी बसवतात, तसे ते शेवटच्या आवृत्तीत आले, आणि तपासायला दिवस मिळाले तीन. तपासणीच्या यादीत आवाजांच्याच दीडशे ओळी होत्या. 'प्रसंग दुसरा, धनगर मेंढ्या बोलावतो.' पट्टी हलली. पास. 'प्रसंग सतरावा, हाक.' पट्टी हलली. पास. खाली माझी खूण. अण्णांच्या रेडिओवर बातम्या चालू होत्या.

गेम बाहेर पडला. मोबाइलवर कुणालाही उतरवून घेता येईल असा ठेवला होता. शेवटच्या नावांच्या यादीत वरून तिसरं माझं नाव, त्यापुढं स्वल्पविराम देऊन 'परभणी'. अण्णांनी मला पडदा थांबवायला लावला. चष्मा पुसला, परत वाचलं, परत सुरुवातीपासून यादी चालवायला लावली. गॅसची टाकी घेऊन आलेल्यालाही बोलावून दाखवलं. त्या दिवशी माझ्याएवढं सुखी कुणी नव्हतं.

पेढे घेऊन मी ताडकळसला गेले. मामांना त्यांची हाक ऐकवायची होती. सकाळचे अकरा वाजले असतील. मामा, मामी आणि मी बांधावर बसलो, कळप शंभर पावलांवर चरत होता. मी मोबाइलचा आवाज पूर्ण मोठा केला. माझ्या हातानं तपासलेला गेम मी पहिल्यांदाच कानांनी ऐकत होते.

दुसऱ्या प्रसंगात धनगर मेंढ्या बोलावतो. त्यानं कमरेची बासरी काढून वाजवली. चित्रात बासरी होती, ती मी कितीदा पाहिली होती. ओठांना लावतो ती शोभेला, आवाज हाकेचाच असेल, असं धरून सोडून दिली होती.

मामा म्हणाले, "ही बासरी कुणाची? मी तर कधी हातात बी धरली न्हाई."

"थांबा मामा, पुढं असंल," म्हटलं. तपासणाऱ्यांना कुठल्याही प्रसंगात थेट उडी मारता येते. मी सतराव्यात उडी मारली. तपासताना मी तिथं नुसती पट्टी बघितली होती, हाक कुणाच्या तोंडी आहे ते नाही. तिथं धनगर झोपलेला. तोंडाला फडकं बांधलेला एक चोर झुडपामागून येतो, तळहात तोंडाशी नेतो, आणि माझ्या मोबाइलातून सोपानमामांची हाक निघाली. खालून, घशातून, मध्येच तुटलेली, शेवटाला दोनदा वर उचललेली.

शंभर पावलांवरच्या माना वर झाल्या. मी गेम बंद करेपर्यंत कळप धावत आला आणि आमच्या भोवती दाटून उभा राहिला. एका म्हाताऱ्या मेंढीनं माझ्या पिशवीत तोंड घातलं. बाकीच्या नुसत्या बघत होत्या. त्यांना पाणी पाहिजे होतं. हाक झाली होती ना.

मामा उठले. पाण्याची वेळ व्हायला पाच तास होते, तरी त्यांनी काठी उचलली आणि सगळा कळप तलावावर नेला. सगळ्या प्यायल्या की नाही ते बघून परत आले. मामी पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन तशाच बसल्या होत्या.

"चाळीस साल झाले," मामा म्हणाले, "खोटी हाक माझ्याकून गेली न्हाई. आज गेली."

"मामा, मला ठाऊक नव्हतं."

"तुमी ऐकलं नव्हतं का?"

पट्टी हलली होती, असं सांगू?

मग त्यांनी विचारलं, "हे किती जणांच्या मोबाइलात हाय?"

"ज्याला पाहिजे त्याच्या, मामा."

ते कळपाकडं बघत राहिले. मला कळायला वेळ लागला, त्यांना लागला नाही. आता कुणीही यायचं, मोबाइल काढायचा आणि ह्या माणसाचं सगळं घरदार त्याच्या मागं चालत जायचं. चोराला हाक शिकायचीही गरज नाही. गेममधल्या चोराला तेवढी तरी मेहनत होती.

घरी आल्या आल्या मी अद्वैतला फोन लावला. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांशी आवाज चढवून बोलले नाही. त्या दिवशी चढवला. सगळं ऐकून घेऊन तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुमचा मुद्दा कळतोय मला. पण तो प्रसंग लोकांना सगळ्यात जास्त आवडलाय. धनगराची हाक चोर शिकतो, ही कल्पनाच किती जबरदस्त आहे. लोक रडतात तिथं."

कल्पना जबरदस्त आहे, हे मलाही मान्य होतं. त्यानंच जास्त संताप आला. "मग कल्पना ठेव. आवाज दुसरा घे. त्या माणसाची खरी हाक काढ," मी म्हटलं.

"दुसरा आवाज म्हणजे परत माणूस शोधा, भरून घ्या, प्रसंग त्यावर बसवा. तीनेक आठवडे जातील. आणि प्रॅक्टिकली बघा ना ताई, मोबाइल घेऊन मेंढ्या चोरायला खरंच कोण जाणार आहे?"

"तू मेंढी कधी पाहिलीस?"

"ताई, प्लीज."

"पाहिलीस का ते सांग. कळपाभोवती एक दिवस बसलास? मी बसले. दहा सेकंदांसाठी सकाळी नऊपासून बसले, कारण तो माणूस जनावराशीसुद्धा खोटं बोलत नाही. तू त्याची हाक चोराच्या तोंडी घातलीस आणि नायकाच्या हातात बासरी दिलीस. बासरी तुला कुठल्या धनगरानं दिली?"

"बासरी लोकांना पटकन कळते," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत काय करता येईल ते बघू."

"म्हणजे असंच ठेवायचंय?"

"सध्या तरी हो." मग म्हणाला, "आणि राग मानू नका, पण प्रसंग सतरावा तुम्हीच पास केलाय. खाली तुमची खूण आहे."

खरं होतं. तरी म्हटलं, "मग माझं नाव काढ. हाक राहणार असेल तर मी राहणार नाही." मला वाटलं होतं तो घाबरेल, निदान विचार करेल. "ठीक आहे, तुमची इच्छा," म्हणाला. मी चहा ठेवायला आत गेले. चहाला उकळी यायच्या आत नवी आवृत्ती आली होती आणि यादीत वरून तिसऱ्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं.

अण्णांना सांगावं लागलं. त्यांनी रेडिओ बंद केला, तो ते बातम्यांच्या वेळी कधी करत नाहीत.

"चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"त्यांची," मी म्हटलं. "लोकांच्या घरातलं उचलून नेतात आणि वर सांगतात, जबरदस्त कल्पना."

"आमच्या खात्यात साइटवर न जाता मोजमापाच्या वहीवर सही ठोकणारे साहेब होते. मी घरी येऊन सांगायचो. तू त्यांना काय म्हणायचीस?"

मी काय म्हणायची ते इथं छापण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्या बगच्या रिपोर्टाच्या नमुन्यात चौथा वर्ग घातला, 'चालतं, पण खोटं आहे.' गिऱ्हाइकांना तो विचित्र वाटतो. दोघांनी काम काढून घेतलं. घेऊ देत. स्पीकर आता चालू असतो, दारं चारशे वेळा करकरतात आणि अण्णा रेडिओ मोठा करून घेतात. 'मेंढवाट'मध्ये हाक अजून तिथंच आहे. दर पंधरा दिवसांनी मी तोच बग परत कळवते. आता उत्तरही येत नाही.

पोळा झाल्यावर मी परत ताडकळसला गेले. माफी मागायची होती, ती बांधावर पोचल्या पोचल्या मागून टाकली. मामांनी मान हलवली. मामींनी चुलीवर चहा ठेवला. कळपाची विचारपूस केली तेव्हा मामा म्हणाले, "जुनी हाक सोडली, ताई. नवी शिकवायलोय. पिलं शिकली लवकर. म्हाताऱ्या वळत न्हाईत, त्यायला हातानं वळवायलोय. एक हाय, ती तर जुन्या हाकेचीच वाट बघायली."

मी मोबाइल काढून त्यांच्यासमोर बंद केला आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवला. मामांनी बघितलं. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, अण्णांच्या गुडघ्यांच्या, ह्या वर्षीच्या चाऱ्याच्या. ऊन उतरलं. चार वाजून गेले होते. मेंढरं चरायची थांबून तलावाकडं तोंड करून उभी होती. मामा काठीवरची साल नखानं काढत बसले होते. उठत नव्हते.

मला वाटलं, गप्पांत वेळ विसरले. मी सांगणार होते, मामा, चार वाजले. तेवढ्यात मामी माझा रिकामा कप उचलत हळूच म्हणाल्या, "ताई, तुमची बस जाईल."

बस साडेपाचची होती. मामींना ते ठाऊक होतं.

मी उठले. मामांना नमस्कार केला, त्यांनी "या परत" म्हटलं, आणि मी शेतातून रस्त्याकडं चालू लागले. मागं बघितलं नाही. वारा माझ्या पाठीला नव्हता, समोरून होता. स्टँडवरच्या बाकावर बसल्यावर वळून पाहिलं तर लांब बांधावर मामा उभे होते, एवढेसे, आणि कळप तलावाकडं वळायला लागला होता. एक मेंढी मागं राहिली होती, तिला कुणीतरी, मामीच असतील, हातानं वळवत होतं. म्हणजे हाक मारून झाली होती. मला ती ऐकू आली नाही.